मानाच्या पानावरचे पाहुणे

नामवंत माणसाला अगत्याने बोलवायचे आणि तो आल्यावर त्याच्याकडून नेमके काय घ्यायचे हे मात्र ठरवायचे नाही, ही आपली फार जुनी खोड आहे. व्याख्यानमालांतून ती दिसते, गणेशोत्सवांतून दिसते. पाहुणा येतो, हार पडतो, टाळ्या होतात, मग तो भलत्याच विषयावर वीस मिनिटे बोलून निघून जातो आणि आपण घरी येऊन चपला काढता काढता म्हणतो, "ऐकले होते तसे काही नाही बुवा!" अशा वेळी दोष वक्त्याचा, बोलावणाऱ्यांचा, की ऐकून ऐकून आधीच भारावून गेलेल्या आपला, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. हीच खोड गेल्या दहाबारा वर्षांत फुटबॉलच्या मैदानावर मोठ्या थाटाने वावरताना मी पाहिली, आणि तिच्याविषयी कधीतरी सविस्तर लिहावे असे मनात होते.

फुटबॉल हा दिवाळी अंकाचा नेहमीचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कोणत्याही इमारतीत शनिवारी संध्याकाळी डोकावून पाहावे. आजोबांना बातम्या हव्या असतात, आजींना मालिका, आणि नातवाला इंग्लंडातला सामना. बहुधा नातूच जिंकतो. कल्याणला राहणारा माझा भाचा या पंथातला. आर्सेनल नावाच्या लंडनच्या संघाने 2003-04 च्या मोसमात 38 सामन्यांपैकी एकही गमावला नाही, तेव्हा हा चौथीत होता. पाढे त्याला येत नव्हते, पण त्या संघातले अकरा खेळाडू तो परवचा म्हणावा तसे धडाधड म्हणून दाखवी. त्यात एक नाव होते फ्रेडी युंगबर्ग. स्वीडनचा हा खेळाडू चेंडू पायाशी नसतानाच अधिक धोकादायक, असे भाचा मला समजावून सांगे. प्रतिपक्षाच्या बचावफळीत कोठे फट पडणार हे त्याला म्हणे आधी कळे, आणि चेंडू तेथे पोहोचण्यापूर्वी तो पोहोचलेला असे. वर्णन अगदी खरे होते. मी नंतर जुनी चित्रणे पाहिली, आणि असा बिनबोभाट येऊन काम उरकून जाणारा खेळाडू मलाही मनापासून आवडला.

2014 साली भारतात इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ शहरांचे आठ संघ, अडीच महिन्यांचा खेळ. प्रत्येक संघात एक तरी जगप्रसिद्ध खेळाडू असावा अशी योजना होती, आणि त्याला 'मार्की' खेळाडू म्हणत. मार्की म्हणजे मुळात मोठा शामियाना, कार्यापुरता उभारायचा मांडव. नाव ठेवणाऱ्याने विनोद म्हणून ठेवले नसेल, पण इतके नेमके नाव क्वचितच पडते! मुंबई सिटी या संघाने आपला मांडव म्हणून युंगबर्गला आणले, आणि त्याच्या जोडीला निकोला अनेल्का हा फ्रेंच आघाडीवीर. कल्याणात भाच्याच्या घरी त्या रात्री साखर वाटायची तेवढी बाकी राहिली होती.

येथे एक भौगोलिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या बाजूच्या लोकांचा या प्रकरणातला जीव तिच्यात आहे. संघाचे नाव मुंबई, परंतु पहिली दोन वर्षे त्याचे घरचे मैदान होते नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम, आणि नेरूळ पडते ठाणे जिल्ह्यात. एरवी नाटक असो, क्रिकेट असो, प्रदर्शन असो, डोंबिवलीकराने तासभर लोंबकळत दक्षिणेकडे जायचे हा नियम. येथे प्रथमच असे झाले की ठाण्याला उतरावे, नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जाऊन ट्रान्स हार्बरची गाडी धरावी, आणि ऐरोली, रबाळे, घणसोली करीत खाडीच्या कडेकडेने नेरूळला पोहोचावे. बसायलाही जागा मिळे! तेव्हा आमच्याकडच्या पोरांना हा संघ आपला वाटला यात नवल नाही. कागदावर तो मुंबईचा असेल, पण सामन्याला जाताना मुंबईकरांना उलटे यावे लागत होते आणि आम्हांला नाही, ही भावना काही लहान नव्हे.

पहिला सामना 12 ऑक्टोबर 2014 ला कोलकात्यात झाला आणि मुंबई 3-0 हरली. त्यानंतरच्या शनिवारी, 18 ऑक्टोबरला, नेरूळला पुण्याशी गाठ होती. दिवाळी तोंडावर आलेली. घरोघरी भाजण्याचे वास सुटलेले असताना भाचा आणि त्याचे मित्र चकल्यांचा घाणा अर्धा सोडून पळाले, आणि मलाही ओढून नेले. मुंबईने तो सामना 5-0 असा जिंकला. पाचांपैकी तीन गोल एकट्या आंद्रे मोरित्झ नावाच्या ब्राझिलियन खेळाडूचे. या स्पर्धेच्या इतिहासातली ती पहिली हॅट्ट्रिक. हा मोरित्झ कोण, हे गाडीतून जाताना आमच्या डब्यात एकालाही धड सांगता येत नव्हते. परतताना जो तो त्याचे नाव घेत होता. ज्यांच्यासाठी तिकिटे काढली होती त्यांच्या नावावर मात्र त्या संध्याकाळी काहीच नव्हते. अनेल्का तर एका जुन्या बंदीमुळे पहिले तीन सामने मैदानाबाहेरच होता.

पुढचा हिशेब थोडक्यात सांगतो. युंगबर्ग त्या मोसमात 4 सामने खेळला. गोल एकही नाही. दुखापतींनी त्याला धरले ते सोडले नाही. संघ आठांत सातवा आला. भाचा म्हणाला, "मामा, फसवलं आपल्याला." त्याचा तो शब्द माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिला, कारण मला तो पटत नव्हता आणि खोडताही येत नव्हता.

फसवले कोणी? युंगबर्ग तेव्हा 37 वर्षांचा होता, आणि 2012 मध्येच त्याने खेळणे थांबविले होते. दोन वर्षे घरी बसलेल्या माणसाला सन्मानाने बोलावणे आले, तो आला. त्याचे वय काही गुप्त नव्हते, निवृत्तीही गुप्त नव्हती. त्याच संघात त्याच वर्षी मानुएल फ्रीडरिख हा जर्मन बचावपटू होता; तोही पस्तिशीचा, पण आदल्याच मोसमापर्यंत डॉर्टमुंडसारख्या कसदार संघात होता. त्याच्याविषयी कोणी कुरकुर केल्याचे मी ऐकले नाही. लग्नाच्या बैठकीतसुद्धा मुलगा हल्ली काय करतो हे विचारतात. दहा वर्षांपूर्वी कोणत्या परीक्षेत पहिला आला होता एवढ्यावर कोणी मुलगी देत नाही. संघांच्या चालकांना हा साधा प्रश्न सुचला नसेल असे मी मानीत नाही. सुचला असेल, पण त्यांना खेळाडू नकोच होता. त्यांना नाव हवे होते, आणि नाव त्यांना पुरेपूर मिळाले. व्यवहारात ठकले ते आम्ही, कारण आम्हांला नावाच्या किमतीत खेळ हवा होता.

आपल्या रंगभूमीला हा प्रकार नवा नाही. जुन्या संगीत नाटकमंडळ्या मोडकळीला आल्यानंतर कंत्राटदारांनी कंत्राटी नाटके सुरू केली. एक नट येथून, एक तेथून, नाइटवर आणायचा. तालीम झाली तर झाली, नाहीतर थेट प्रयोगाला उभे राहायचे. जाहिरातीत नावे एवढाली ठळक की नाटकाचे नाव शोधावे लागे. असे प्रयोग अनेकदा विस्कळीत होत आणि तरीही लोक तृप्त होऊन घरी जात. बालगंधर्व उतारवयातही रंगभूमीवर उभे राहिले, तेव्हा शरीराने आणि गळ्याने पूर्वीसारखी साथ दिली नाही; पण पुढे बसलेल्या प्रेक्षकांपैकी कित्येकांनी त्यांना ऐन बहरात ऐकले होते. समोरच्या स्वरात जे कमी पडे ते ऐकणाऱ्याची आठवण भरून काढी. आवाजातली तूट प्रेक्षकच पदरमोड करून भागवीत होता म्हणा ना!

युंगबर्गच्या बाबतीत हे का घडले नाही? भाच्याजवळही आठवण होतीच, आणि ती थोडीथोडकी नव्हती. परंतु ती पडद्यावरची आठवण होती. पडद्यावरच्या खेळाडूचे वय वाढत नाही. 2004 चा गोल 2014 मध्ये लावला तरी तो माणूस तितकाच तरुण, तितकाच वेगवान. गायकाला वर्षानुवर्षे ऐकणारा त्याच्याबरोबर म्हातारा होत असतो आणि म्हणून क्षमाशील होतो. दूरदर्शनवर वाढलेल्या चाहत्याला ही सवलत देता येत नाही, कारण त्याने मधली वर्षे पाहिलेलीच नसतात. तो थेट चौथीतून उठून नेरूळच्या गॅलरीत येऊन बसतो.

शिवाय मोठी नावे एकत्र आणली की फसगत ठरलेलीच, असेही नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. गंधर्व मंडळीतर्फे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शतर्फे केशवराव भोसले धैर्यधर. त्या प्रयोगाची कीर्ती शंभर वर्षे टिकली आहे. कारण उघड आहे. दोघेही तेव्हा तिशीतले, दोघेही रोज गाणारे, आणि समोर कोण उभा आहे याची दोघांनाही पुरती जाणीव. ते दोघे मांडवाची शोभा म्हणून आले नव्हते, झुंजायला आले होते.

बाकीच्या शहरांतही आमच्यासारखेच रडगाणे चालू होते, एवढाच दिलासा. दिल्लीने देल पिएरो आणला, इटलीचा जगज्जेता. 10 सामने, 1 गोल. पुण्याने त्रेझेगे आणला. 9 सामने, 2 गोल. गोव्याने आर्सेनलचाच पिरेस आणला. 8 सामने, 1 गोल. या साऱ्यांत उठून दिसला तो चेन्नईचा एलानो, ज्याने 8 गोल करून पहिल्या वर्षीचा सर्वाधिक गोलांचा मान घेतला. तेव्हा ही योजनाच मुळात खोटी होती असे म्हणून हात झटकता येत नाहीत. खेळण्यासाठी आलेला मनुष्य खेळला.

अनेल्काचे प्रकरण मला याहून वेगळे वाटते, आणि खरे सांगायचे तर अधिक गंभीर. या गृहस्थाचे सारे आयुष्यच दुसऱ्यांच्या अपेक्षांना पुरे न पडण्यात गेले. आर्सेनलने त्याला अगदी पोरवयात स्वस्तात उचलले आणि 1999 मध्ये रेआल माद्रिदला प्रचंड किमतीला विकले. तेथे तो एका वर्षापलीकडे टिकला नाही. 2010 च्या विश्वचषकात प्रशिक्षकाशी भांडल्यामुळे फ्रान्सने त्याला अर्ध्या स्पर्धेतून घरी पाठविले. पण अंगातली कला वादातीत. नेरूळला केरळविरुद्ध त्याने फ्री किकवर केलेला गोल मी पाहिला आहे. पळण्याची घाई नाही, चेहऱ्यावर आनंद नाही, नापसंतीही नाही. एखादा सराईत कारकून जसा न बघता शिक्का मारतो तसा तो चेंडू त्याने जाळ्यात मारला. सामना त्या एका गोलावर जिंकला. मोरित्झच्या तीन गोलांनी हर्ष झाला होता. अनेल्काच्या त्या एका गोलाने मी चकित झालो, आणि थोडा खिन्नही. एवढे सहज येते, तर हा माणूस नव्वद मिनिटांतली पंच्याऐंशी मिनिटे कोठे असतो? युंगबर्गला जमत नव्हते. अनेल्काला जमत होते, पण त्याचे मन येथे होते असे मला एकदाही वाटले नाही. समीक्षकाने पहिल्याला माफ करावे आणि दुसऱ्याला करू नये.

त्याला माफी तर मिळालीच, वर बढती मिळाली! 2015 मध्ये संघचालकांनी त्यालाच खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दोन्ही कामे दिली. जो स्वतः दुसऱ्याच्या सांगण्यावरून कधी हलला नाही, त्याने वीसबावीस तरुणांना कसे हलवावे? दोन मोसमांत मिळून त्याचे 13 सामने आणि 2 गोल झाले, दोन्ही पहिल्याच वर्षीचे. दुसऱ्या वर्षी 17 नोव्हेंबरला, दिवाळीचा फराळ अजून डब्यांत असताना, मुंबईने गोव्यात 7-0 असा मार खाल्ला. भाच्याने टीव्ही पाचव्या गोलाला बंद केला. मी सातवा पाहिला. टीकाकाराला नाटक शेवटपर्यंत पाहावेच लागते.

त्याच मोसमातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिखाण परदेशी पाहुण्यांवरचा राग होऊन बसेल. सुनील छेत्रीला मुंबईने लिलावात 1 कोटी 20 लाखांना घेतले होते. एवढी किंमत मिळालेला भारतीय खेळाडू तेव्हा दुसरा नव्हता. म्हणजे अपेक्षेचे ओझे त्याच्याही डोक्यावर होते, आणि घरच्याकडून आपण पाहुण्यापेक्षा जास्तच मागतो. 28 ऑक्टोबर 2015 रोजी नेरूळला नॉर्थईस्टविरुद्ध त्याने तीन गोल केले. या स्पर्धेत भारतीयाने केलेली ती पहिली हॅट्ट्रिक. मोसमात 11 सामन्यांत 7 गोल. संघ मात्र सहावा. एकटा माणूस दिलेला शब्द पुरेपूर पाळतो आणि तरीही घर बुडते, हे आपल्या एकत्र कुटुंबांतून वाढलेल्या वाचकाला मी काय समजावून सांगावे!

2016 साली संघाने बिऱ्हाड हलविले. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातले जेमतेम सात-आठ हजारांचे मैदान घरचे झाले. कल्याण-डोंबिवलीकराचा तो सुखाचा प्रवास तेथेच संपला. आता घाटकोपरला उतरून जिना चढायचा, मेट्रोने आझादनगर गाठायचे, आणि रात्री सामना संपल्यावर शेवटच्या गाडीची चिंता करीत उलटे यायचे. आमच्या इमारतीतल्या दहा पोरांपैकी तीन उरली. या तिघांच्या नशिबी त्या वर्षी दियेगो फोर्लान आला.

फोर्लानही 37 वर्षांचा. नेमके तेवढेच वय, जेवढे दोन वर्षांपूर्वी युंगबर्गचे होते. कीर्ती तर अधिकच: 2010 च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू, आपल्या चिमुकल्या उरुग्वेला चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारा. जाणत्यांनी आधीच नाके मुरडली होती. शिळ्या कढीला पुन्हा ऊत, असे मीही मनात म्हटले. पण हा मनुष्य पेन्यारोलकडून मायदेशात अजिंक्यपद मिळवून सरळ येथे आला होता. पायातली गती गेली होती हे खरे. परंतु चेंडू कोठे थांबवावा, कोणाला केव्हा द्यावा, कोपऱ्यावरून नेमका कोणाच्या डोक्यावर टाकावा, हे ज्ञान शाबूत होते, आणि मुख्य म्हणजे ते दुसऱ्यांना देण्याची त्याची तयारी होती. एखादा बुजुर्ग गायक वरच्या पट्टीत जाण्याचे टाळतो आणि मध्य सप्तकातच मैफल उभी करतो, तसे हे होते. 19 नोव्हेंबरला केरळविरुद्ध 5-0 असा विजय झाला. त्यात तीन गोल फोर्लानचे. साखळीत मुंबई पहिली आली. सातवी, सहावी आणि मग पहिली. भाचा पुन्हा माझ्या घरी पेढे घेऊन येईल अशी लक्षणे दिसू लागली.

उपान्त्य फेरीचा पहिला सामना 10 डिसेंबरला कोलकात्यात झाला. चुरस मोठी होती, मुंबई 2-3 अशी मागे होती, पण अजून घरचा सामना शिल्लक होता आणि एका गोलाची तूट ही काही तूट नव्हे. अशा वेळी फोर्लानला दुसरे पिवळे कार्ड मिळाले, म्हणजेच लाल. तो बाहेर गेला तो त्या सामन्यापुरता नव्हे, पुढच्याही. तीन दिवसांनी अंधेरीत त्याच्यावाचून मुंबईने धडपड धडपड धडपड केली आणि 0-0 अशा बरोबरीत सारे संपले.

आता याला काय म्हणावे? आकडे पाहिले तर फोर्लान यशस्वी: 5 गोल, आणि संघ अव्वल. पण माझ्या भाच्याला विचाराल तर तो आजही त्या लाल कार्डाविषयीच बोलेल. मला यात अन्याय दिसतो. ज्याने काहीच दिले नाही त्याला आम्ही विसरून गेलो, आणि ज्याने जवळजवळ सर्व दिले त्याचा उरलेला एक पैसा अजून वसूल करीत आहोत. रसिकाची ही कृपणता मी साहित्यातही पाहिली आहे. सामान्य लेखकाची दहा टुकार पुस्तके खपून जातात; चांगल्या लेखकाचे अकरावे थोडे उतरले की त्याचा श्राद्धविधी सुरू होतो. फोर्लानवरचा आमचा राग हा एका अर्थाने त्याचा सन्मान आहे, असे भाच्याला मी म्हणून पाहिले. "मामा, सन्मान बिन्मान नको होता, फायनल हवी होती," हे त्याचे उत्तर. ते खोडून काढण्याजोगे युक्तिवाद माझ्यापाशी नाहीत.

कोल्हापूरकरांना ही सगळी चर्चा शहाण्यासुरत्यांची करमणूक वाटेल. तेथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमीचे सामने असले की पेठेतला म्हातारासुद्धा धोतराचा सोगा सावरीत येतो. परदेशी खेळाडू खेळविण्याची पद्धत तेथेही शिरली आहे. पण तेथे पाहुण्याची परीक्षा पहिल्या दहा मिनिटांत होते, आणि परीक्षक त्याच मैदानावर स्वतः गुडघे फोडून घेतलेले असतात. त्यांच्या अपेक्षा मातीतून आलेल्या असतात म्हणून त्या बेताच्या असतात. आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात मुलाला बूट मिळतात, नाव छापलेला सदरा मिळतो, मध्यरात्रीचा परदेशी सामना मिळतो. मिळत नाही ते मैदान. सुट्टीच्या दिवशी कल्याणच्या सुभाष मैदानावर किंवा ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर उभे राहावे. एकमेकांच्या पिचवर क्षेत्ररक्षण करणाऱ्या क्रिकेटच्या गर्दीतून फुटबॉल खेळायला जागा शोधणारी पोरे दिसतील. स्वतः न खेळता नुसता पाहिलेला खेळ फार सोपा दिसतो, आणि सोपा दिसणारा खेळ कोणी चुकला की राग लौकर येतो.

या रागाचा आणि आशेचा कळस 2023 मध्ये झाला. ऑगस्टमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगची सोडत निघाली आणि मुंबई सिटीच्या गटात रियाधचा अल-हिलाल आला. त्या संघाने थोड्याच दिवसांपूर्वी नेमारला सुमारे 9 कोटी युरो मोजून घेतले होते. म्हणजे नेमार मुंबईविरुद्ध खेळायला येणार! आणि सामना कोठे? तर पुन्हा आमच्या नेरूळला! सात वर्षे बंद पडलेली आमच्या इमारतीतली मंडळी खडबडून जागी झाली. भाचा आता नोकरदार, घरी लहान मूल. पण त्यानेही तिकिटाची तजवीज केली. 17 ऑक्टोबरला ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा दुखावला आणि मोसमच संपला. 6 नोव्हेंबरला सामना झाला, मुंबई 2-0 हरली. नेमार अल-हिलालकडून एकूण 7 सामने खेळला आणि त्याने 1 गोल केला. 2025 च्या जानेवारीत करार मोडून तो परत गेला. म्हणजे अवाढव्य पैसा मोजणाऱ्या रियाधकराच्या आणि गॅलरीतल्या कल्याणकराच्या पदरी अखेर सारखेच पडले. मी भाच्याला विचारले, "मग गेलास कशाला?" तो म्हणाला, "तिकीट काढलं होतं, मामा. आणि मुंबई चांगली खेळली."

हे शेवटचे वाक्य 2014 मध्ये त्याच्या तोंडून निघाले नसते.

मध्यंतरी बरेच घडून गेले होते. 2019 च्या नोव्हेंबरात मँचेस्टरच्या सिटी फुटबॉल ग्रुपने संघाचा 65 टक्के वाटा घेतला. आता आणखी मोठी नावे येणार अशी हाकाटी झाली. आले ते मात्र कामाचे खेळाडू आले, भिंतीवर चिकटवायचे नव्हेत. 13 मार्च 2021 रोजी मुंबईने कोलकात्याच्या मोहनबागानला 2-1 असे हरवून अजिंक्यपद मिळविले. साथीचे दिवस, सारी स्पर्धा गोव्यात बंद दारांआड. गॅलरीत चिटपाखरू नाही. निर्णायक गोल 90 व्या मिनिटाला मणिपूरच्या बिपीन सिंगने केला. सात वर्षे ज्या क्षणासाठी गाड्या बदलल्या, तो आला तेव्हा आम्ही सारे घरी कोंडलेले होतो, आणि ज्याने तो आणला त्याच्या नावाचा सदरा आमच्यापैकी एकाजवळही नव्हता.

आणखी एक नाव सांगतो, कारण ते आपल्याकडचे आहे. राहुल भेके हा मुंबईचा मुलगा. 17 मार्च 2019 रोजी या स्पर्धेचा अंतिम सामना अंधेरीच्याच मैदानावर झाला. गोलशून्य बरोबरीत नव्वद मिनिटे गेली, जादा वेळही संपत आला, आणि 117 व्या मिनिटाला भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. मुंबईच्या मैदानावर, मुंबईच्या मुलाने, अजिंक्यपदाचा गोल. पण तो बेंगळुरूच्या संघासाठी! आम्ही स्वीडन, फ्रान्स, उरुग्वे असे जग धुंडाळीत असताना हा मुलगा दुसऱ्याच्या घरी कमावता झाला होता. 2021 मध्ये मुंबई सिटीने त्याला आणले. एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या वायुदलाच्या संघाविरुद्ध त्याच्याच डोक्याने विजयी गोल झाला, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ मुंबईचा ठरला. 4 मे 2024 रोजी कोलकात्यात मोहनबागानला 3-1 असे नमवून मुंबईने पुन्हा चषक घेतला, तेव्हा कर्णधार भेकेच होता.

भाच्याचा मुलगा आता तीन वर्षांचा आहे. त्याच्यासाठी निळा सदरा आणायला भाचा गेला, तेव्हा पाठीवर कोणाचे नाव छापायचे असे दुकानदाराने विचारले. भाच्याने बराच वेळ विचार केला आणि पोराचे स्वतःचेच नाव छापून आणले.